फायटिंगचे पिक्चर, खोडीसकट

बैलबाजारात जुना शेतकरी बैल घ्यायला गेला की आधी त्याच्या खोडी काढतो. दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो, खांद्याला जुनी सूज आहे का चाचपतो. सगळं बघून झालं की मगच उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायला सुरुवात. बिनखोडीचा बैल बाजारात येत नसतो, आला तर तो आपल्याला परवडत नसतो. तेव्हा बघायचं ते एवढंच, की ही खोड चालवून घेण्यासारखी आहे का, आणि गडी औताला कसा आहे.

जुन्या फायटिंगच्या पिक्चरांबद्दल मला बोलायचंय ते ह्याच रीतीनं. ह्या पिक्चरांवर बोलणारी दोन तऱ्हेची माणसं मला भेटतात. एक म्हणतात, जुनं ते सोनं, आता तसं होणे नाही. दुसरी पहिल्या पाच मिनिटांत फिदीफिदी हसून उठून जातात. दोघांनीही बैलाचे दात बघितलेले नसतात.

शहरातले जाणकार ज्यांना वेस्टर्न म्हणतात, त्यांना आम्ही घोडेवाल्यांचे पिक्चर म्हणायचो. अमेरिका आमच्या गावात पहिल्यांदा आली ती ताटात. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, ती अमेरिकेतून आलेली. भाकरी थापताना ती चिरायची आणि खाताना घशात अडकायची. दुसऱ्यांदा अमेरिका आली ती पडद्यावर, घोड्यावर बसून. जत्रेतल्या तंबूत हिंदी-मराठी पिक्चर लागायचे. मधे दोर बांधलेला, एका अंगाला बायका, एका अंगाला बाप्ये, खाली धुरळा. पण घोडेवाल्यांचा पिक्चर बघायचा तर जिल्ह्याच्या गावाला जावं लागे. इंग्रजी कुणाला येत होतं? पण भूक, तहान, लोभ आणि बंदूक ह्यांना भाषा लागत नाही. शेजारी बसलेला कुणीही अनोळखी माणूस कथा समजावून सांगायचा आणि बहुतेक वेळा ती त्याची स्वतःचीच कथा असायची.

आमच्या पिढीच्या माणसाला विचारा, इंग्रजी पिक्चर कोणता बघितला? दहांतले निम्मे म्हणतील, ‘मॅकेन्नाज गोल्ड’. हा १९६९ चा पिक्चर, जे. ली थॉम्पसननं काढलेला. ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ त्यात आहेत. अमेरिकेत तो पडला. आपल्याकडं मात्र दणक्यात चालला, पुन्हा पुन्हा लागला. ह्याचं कारण मला वाटतं ते असं, की आपल्या प्रत्येक गावात एक मोहरांचा हंडा पुरलेला असतो. तो कुणालाच सापडलेला नसतो, पण कोणत्या पडक्या वाड्यात आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापायी एखादं घर बुडालेलंही असतं. सोन्याच्या दरीचा नकाशा जाळलेला आहे, तो फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे आणि त्याच्यामागं दरोडेखोर, शिपाई, गावातले इभ्रतदार लोक सगळे लागलेत, ही गोष्ट आम्हाला परकी नव्हतीच.

आता ह्याच्या खोडी काढू. शेवटी सकाळचं ऊन पडतं आणि एका उंच सुळक्याची सावली सरकत सरकत जाऊन कड्यातली गुप्त वाट दाखवते. सगळा पिक्चर ह्या सावलीवर उभा आहे. पण सकाळी सूर्य वर चढतो तशी सावली आखडत येते, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालासुद्धा माहीत असतं. इथं सूर्य वर येतोय आणि सावली लांबत चाललीय! पुढं भूकंप होऊन कडे कोसळतात, तेव्हा ते खेळण्यातले कडे आहेत हे लपत नाही. नदीतल्या तराफ्याचंही तेच. घोड्यावरच्या माणसामागं पडद्यावरचा डोंगर पळतो, तो तर कुणालाही ओळखू येतो.

माझा पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आला की माझ्याशेजारी बसून थोडा वेळ बघतो. म्हणाला, “तात्या, अहो किती खोटं दिसतंय हे! तुम्हाला कसं काय आवडतंय?”

म्हटलं, “खोटं दिसतंय ते बरंच हाय की. आताच्या पिक्चरमधलं खोटं दिसतच न्हाई, म्हणून ते जास्त फसवतंय.”

तो हसला, पण मी गमतीनं बोललो नव्हतो. लाकडी कडा कोसळताना मला दिसतं की कुणीतरी सुताराच्या हातानं तो उभा केलेला आहे. पोळ्याला मातीचा बैल करतात, त्याच्या पायांकडं बोट दाखवून कुणी म्हणत नाही की हे पाय बैलाचे नाहीत. त्याला गोंडे बांधून नैवेद्य दाखवतात. ही खोड चालवून घेण्यासारखी आहे. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून दहा गोळ्या सुटणं, दिवसभर दौडलेल्या घोड्याला कुणी पाणी न दाखवणं, हेही त्याच हिशेबात धरा.

पण काही खोडी त्या हिशेबात बसत नाहीत. त्या सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

पहिली गोष्ट घोड्यांची. जुन्या अमेरिकन पिक्चरांत भरधाव घोडा तोंडावर आपटतो आणि स्वार उडून पडतो. पुष्कळ वेळा घोड्याच्या पायांना तार बांधलेली असायची. तार ताणली गेली की घोडा कोलमडायचा. त्यात घोडे मोडले, मेले. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’ मध्ये तर एका घोड्याला उंच कड्यावरून खाली पाण्यात ढकललं, तो मेला. त्यावर मोठा गिल्ला झाला आणि मग जनावरांना जपणाऱ्या संस्थेची माणसं शूटिंगच्या जागी उभी राहायला लागली. ज्यानं बैलाच्या खांद्यावरचा आवाळू रात्र रात्र शेकलाय, त्याला हे कळल्यावर ते दृश्य पहिल्यासारखं बघवत नाही. तिथं नट पडतो ते खोटं असतं, पण घोडा पडतो ते खरं असतं.

दुसरी गोष्ट ज्यांना हे पिक्चर रेड इंडियन म्हणतात त्यांची. ती माणसं पडद्यावर येतात ती किंकाळ्या मारतच. त्यांना घर नसतं, रान नसतं, म्हातारी आई नसते. ‘मॅकेन्नाज गोल्ड’ मधली अपाचींची दोन मोठी पात्रं गोऱ्या नटांनी रंग लावून केलेली आहेत. खऱ्या अपाचींचं काय झालं? १८८६ मध्ये जेरोनिमो शरण आला. त्याच्या लोकांना आगगाडीत घालून दूर फ्लोरिडाला कैदी म्हणून धाडलं. ज्या अपाचींनी सरकारी फौजेला वाटाड्या म्हणून मदत केली होती, त्यांनाही सोडलं नाही. हे कोणत्याही घोडेवाल्या पिक्चरात मी बघितलं नाही.

आणि हे फक्त तिकडचं आहे असं समजू नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून इथल्या कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का लोकांच्या तोंडातून गेला नाही. आमच्या भागात कुठंही चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर. म्हणून पडद्यावर बाण घेतलेला माणूस दिसला आणि थिएटरात शिट्ट्या वाजल्या, की त्या शिट्ट्या नुसत्या अमेरिकेतल्या माणसावर नव्हत्या. ज्याला आपण गावाबाहेर ठेवलंय तो वाईटच असणार, ही समजूत तिथं तीन तास पक्की होत होती. आज नातवंडांना असा पिक्चर लावून दिला की मी हे सांगतो. पिक्चर बंद करत नाही, पण सांगतो.

एवढ्या खोडी काढल्यावर कुणी विचारील, मग हा बैल घ्यायचा कशाला? आता त्याला औताला जुंपून बघू.

‘शेन’ हा १९५३ चा, जॉर्ज स्टीव्हन्सचा पिक्चर. तो मी उशिरा, मुलानं मोबाइलवर लावून दिला तेव्हा बघितला. गोष्ट वायोमिंग भागातली. अमेरिकन सरकारनं १८६२ मध्ये कायदा केला, की जो पाच वर्षं राहून जमीन कसेल त्याला १६० एकर मिळेल. त्या कायद्यानं छोटे शेतकरी येऊन वसलेत आणि हजारो जनावरं मोकळी चारणारा मोठा मालक त्यांना हुसकून लावतोय. कुंपण घालणारा आणि मोकळं रान मागणारा, ह्यांचं भांडण. हे काही पिक्चरवाल्यांनी मनानं रचलेलं नाही. १८९२ मध्ये वायोमिंगमधल्या जॉन्सन परगण्यात बड्या जनावरवाल्यांनी भाड्याचे बंदूकवाले आणून छोट्या लोकांवर घातले होते.

त्यात एक दृश्य आहे. स्टॅरेट नावाच्या शेतकऱ्याच्या दारात एका मोठ्या झाडाचा बुडखा आहे. तो नि पाहुणा आलेला शेन कुऱ्हाडी घेऊन तो तोडायला लागतात. बायको म्हणते, घोडे जुंपून ओढा की. स्टॅरेट ऐकत नाही. दोघं घामाघूम होतात, शेवटी खांदा लावून बुडखा उलथतात. फायटिंगच्या पिक्चरात एवढा वेळ बुडख्याला कोण देतं? पण ज्यानं बांधावरच्या बाभळीचा बुडखा काढलाय त्याला कळतं, की ही त्या पिक्चरमधली पहिली फायटिंग आहे. दोन माणसांची दोस्ती तिथं होते, आणि तीही फारसं न बोलता.

दुसरं दृश्य मरणाचं. टॉरी नावाचा एक तापट, बारकासा शेतकरी चिखलाच्या रस्त्यातून दारूच्या दुकानाकडं येतो. वर फळ्यांवर भाड्याचा बंदूकवाला उभा. टॉरीचे पाय चिखलात घसरतात. एकच गोळी सुटते. तो असा मागं फेकला जातो की आपलं अंग शहारतं. त्या नटाला मागून हिसका देऊन ओढलं होतं म्हणे. बरोबर आलेला माणूस त्याला चिखलातून ओढत नेतो. पुढं माळावर माती देताना त्याचा कुत्रा पेटीला पंजे मारतो. एवढंच. पण त्या एका मढ्याचा भार पिक्चर संपेपर्यंत आपल्या खांद्यावर राहतो.

आपल्या ‘शोले’ तही हेच आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. त्याच्या खोडी तर पोरं पाठ म्हणतात. गावात वीज नाही, दिवे हातानं लावतात, मग वीरू चढतो त्या उंच टाकीत पाणी कसं चढतं? माझी तक्रार वेगळी आहे. सगळ्या रामगढमध्ये कुणी घाम गाळून शेत करताना नीट दिसत नाही. डाकूंना द्यायला धान्य मात्र असतं. कर्नाटकातले ते खडक छान आहेत, पण त्या खडकांत पिकतं काय? तरी इमामसाहेबांच्या पोराचं प्रेत घोड्यावरून गावात येतं, तेव्हा सगळ्या गावाची वाचा बसते आणि आंधळा बाप विचारत पुढं येतो. गावकरी म्हणतात, ह्या दोघांना घालवून द्या, आमची पोरं मरतील. थिएटरात लोक त्या गावकऱ्यांवर चिडायचे. मला ते बरोबर वाटायचे. आताच्या पिक्चरात एका झटक्यात शंभर माणसं मरतात. त्यांना आई कोण, बाप कोण, माती कुणी दिली, काही नाही. इथं एक मरतो आणि गाव थांबतं. माणसाच्या मरणाची किंमत ज्याला ठाऊक आहे, त्याची खोटी टाकी मी चालवून घेतो.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो पिक्चर. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, १९६०, जॉन स्टर्जेसचा. मूळ गोष्ट जपानच्या कुरोसावाची, ‘सेव्हन सामुराई’, १९५४. गावाला लुटारू छळतात, गाव सात लढवय्ये आणतं. मूळ पिक्चरमध्ये शेतीचा हिशेब पक्का आहे. सातू पिकला की लुटारू येणार म्हणून आधी सातू काढायचा, मग रानात पाणी सोडून त्याचाच खंदक करायचा, शेवटी भाताची लावण. अमेरिकन नकलेत हा हिशेब पातळ झालाय. वर तिथले मेक्सिकन शेतकरी बघा, सदा पांढरेशुभ्र कपडे! ते शूटिंग मेक्सिकोत झालं. आमची माणसं मळकी दाखवायची नाहीत, अशी तिथल्या सरकारी तपासनिसांची अट होती. मातीत काम करणाऱ्याच्या सदऱ्यावर माती नाही, ह्याला मान म्हणायचा का? ज्यानं अट घातली त्याला मळलेल्या कपड्याची लाज वाटत असणार.

लुटारूंचा म्होरक्या काल्व्हेरा मात्र अस्सल उतरलाय. एली वॉलाकनं तो केलाय. तो येतो, शेतकऱ्याच्या गळ्यात हात घालतो, आपल्याच अडचणी सांगतो, माझ्या माणसांना खायला घालायचंय म्हणतो आणि धान्य घेऊन जातो. खळ्यावर येऊन गोड बोलून माप घेणारा माणूस ज्यानं बघितलाय, त्याला काल्व्हेरा समजावून सांगायला नको.

ह्यात चार्ल्स ब्रॉन्सननं ओरायली नावाचा लढवय्या केलाय. गावातली तीन पोरं त्याच्यामागं लागलेली असतात. ती म्हणतात, आम्हाला तुझ्याबरोबर ने, आमचे बाप भित्रे आहेत. ओरायली त्या पोराला धरून बडवतो. मग सांगतो, की बंदूक बाळगायला हिंमत लागते असं तुम्हाला वाटतं, पण तुमच्या बापांच्या खांद्यावर तुमचा, तुमच्या आयांचा, भावंडांचा भार आहे. रोज गाढवासारखं राबायचं आणि हाताला काही लागेल ह्याची खात्री नाही. एवढी हिंमत माझ्यात कधी नव्हती. अशा अर्थाचं तो बोलतो.

शेतकऱ्याच्या पोराला ह्याचा अर्थ वेगळा लागतो. मी दहावीला होतो तेव्हा आमचा पाऊण एकर ऊस पाण्यावाचून वाळत होता. पाटाची पाळी चुकली तर पुढची वीस दिवसांनी. माझे वडील पाटकऱ्याच्या दारात टोपी काढून तासभर उभे राहिले. तो आत जेवत होता. मी त्यांच्यामागं उभा होतो. पाणी मिळालं. येताना मी एक शब्द बोललो नाही. माझ्या मनात काय चाललंय ते त्यांनी ओळखलं असणार. बांधावर थांबून म्हणाले, “मान काय रं, वाकली तर परत ताठ व्हती. ऊस न्हाई व्हत.”

ओरायली जे लांबलचक सांगतो ते वडिलांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. पण परमुलखातला एक पिक्चर, चुकीचे कपडे घातलेल्या शेतकऱ्यांचा, हे जाणतो, ह्याचं मला फार वाटलं. गाव भितं, कारण गावाचं पीक उभं असतं. ज्याच्याजवळ बंदूक आणि घोडा आहे तो उद्या दुसऱ्या गावाला जाऊ शकतो. शेतकऱ्याला रान पाठीवर टाकून पळता येत नाही. म्हणून तो वाकतो, थांबतो, कधी कधी गद्दारीही करतो. ह्या पिक्चरमध्येही गावातलेच काही जण त्या सात जणांना काल्व्हेराच्या हवाली करतात. मग तेच गाव शेवटी कुऱ्हाडी, कोयते, खुर्च्या, हाताला लागेल ते घेऊन उठतं. ओरायलीला गोळी लागते. मरता मरता तो पोरांची तोंडं त्यांच्या बापांकडं वळवतो, बघा म्हणतो. मला पडद्यावरचे फार डोळे ओले करणारे प्रसंग आवडत नाहीत, पण हा आवडतो.

नव्या पोरांनी हे पिक्चर बघावेत, असं मला वाटतं ते एवढ्यासाठी. आज गावागावात बाप शेतात आणि पोरगं शहरात आहे. पोराला बापाचं वाकणं दिसतं, त्याच्या खांद्यावरचं ओझं दिसत नाही. शेतीवर बोलणारे पुष्कळ झालेत. त्यांच्या बोलण्यात शेतकरी एक तर बिचारा असतो नाही तर राजा असतो. एक माणूस म्हणून हिशेब करणारा, भिणारा, चुकणारा आणि वेळ आली की कोयता उचलणारा शेतकरी त्या जुन्या खोट्या पिक्चरात मला सापडतो.

शेवटी सातांपैकी तीनच उरतात. त्यातला तरणा चिको हा शेतकऱ्याचाच पोरगा, ज्याला आधी शेतकऱ्यांचा राग असतो. तो घोड्यावरून उतरतो, बंदूक काढून ठेवतो, बाह्या सारतो आणि आवडलेल्या पोरीबरोबर कामाला लागतो. उरलेले दोघे निघून जातात. जाताना त्यांचा म्होरक्या म्हणतो, की जिंकले ते शेतकरीच, आपण नेहमी हरतो. तो हे खिन्न होऊन म्हणतो आणि बघणारेही खिन्न होतात. मी त्या वेळी मागं रानात वाकलेल्या माणसांकडं बघत असतो. ज्यांनी त्यांच्यासाठी रक्त सांडलं ते घोड्यावरून चाललेत, तरी कुणी काम टाकून वेशीपर्यंत आलेलं नाही. कुणी म्हणेल, काय हे कृतघ्न लोक! त्यांना कामं होती हो. चार दिवस लढाईत गेले होते, रान तसंच पडलं होतं.